पट्टी बदलून वादकांचे कागद छापायचे आहेत: सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

दुसरे व्हायोलिन

नमस्कार. आम्ही नागपुरातील काही हौशी मंडळी मिळून भावगीते आणि जुनी चित्रपटगीते यांचे कार्यक्रम करतो. संचात दोन व्हायोलिन, एक फ्लूट, एक क्लॅरिनेट, एक ट्रंपेट, एक आल्टो सॅक्सोफोन, की-बोर्ड, गिटार, पेटी आणि तालवाद्ये आहेत. पेटीवादक व तालवादक कागद मागत नाहीत. गिटारवादक सोडून बाकीचे सर्व जण स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचतात आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे.

अडचण पट्टीची, म्हणजे गाण्याचा षड्ज कोणत्या सुरावर धरायचा याची आहे. तेच गाणे एका कार्यक्रमात पांढरी एकमध्ये (षड्ज पेटीच्या सी या पांढऱ्या पट्टीवर) गायले जाते, तर पुढच्या कार्यक्रमात गायिका काळी चार (चौथी काळी पट्टी) मागतात, आणि मग प्रत्येक वाद्याचा कागद मला नव्याने लिहावा लागतो. त्यातही ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचे लेखन व्हायोलिनपेक्षा वेगळ्या सुरात करावे लागत असल्याने हाताने लिहिताना चुकांना भरपूर वाव राहतो.

तेव्हा असे सॉफ्टवेअर हवे आहे की ज्यात एकदा लिहिलेले गाणे हव्या त्या पट्टीत नेता येईल, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा निघेल, स्वरांखाली गाण्याचे शब्द देवनागरीत घालता येतील आणि छपाई मंचावरच्या प्रकाशात वाचण्याजोगी होईल. आमच्याकडे विंडोजचे दोन लॅपटॉप आहेत, त्यांतील एक बराच जुना आहे. वर्गणी काढून एकदाच काही खर्च करण्याची तयारी आहे, पण दरवर्षी पैसे भरण्यास कोणी राजी नाही. एका परिचितांनी फिनाले हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर घ्या असे सुचवले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पेटीमास्तर

ताई, स्केल चेंजर पेटी घ्या. पट्टी सरकवली की काम झाले, कागदही नको आणि सॉफ्टवेअरही नको. ट्रंपेटवाल्यांना मात्र सरकवता येत नाही, हे मान्य आहे.

अर्धामात्रा

मास्तरांचा उपाय बाजूला ठेवून आधी फिनालेबद्दल लिहितो, कारण त्यात पैसे अडकण्याचा धोका आहे. फिनाले १९८८ पासून बाजारात होते आणि अनेक वर्षे व्यावसायिक स्वरलेखनात त्याचे मोठे स्थान होते. परंतु मेकम्यूझिक या कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा पुढील विकास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि विक्रीही बंद केली. ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे त्यांचे सध्याच्या संगणकावर चालत राहील, पण विंडोजच्या पुढील आवृत्त्यांवर ते चालावे यासाठी आता कोणी काम करणार नाही. म्हणून आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या परिचितांनाही एक निरोप द्यावा. त्यांच्याकडील सर्व जुन्या फाइली त्यांनी आताच म्यूझिकएक्सएमएल या स्वरूपात काढून ठेवाव्यात. फिनालेत संपूर्ण फोल्डर एकदम त्या स्वरूपात बदलण्याची सोय आहे. ही फाइल जवळजवळ सर्व स्वरलेखन सॉफ्टवेअरांना वाचता येते. पानाची मांडणी थोडी विस्कटते, पण स्वर, ताल, शब्द आणि कॉर्ड बहुतांशी शाबूत राहतात.

माझ्या मते सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच असावा की उद्या ते बंद पडले तर माझे लेखन त्यातून बाहेर कसे काढता येईल. बाकीच्या सोयीसुविधा त्यानंतर पाहाव्यात.

खर्जातला

अर्धामात्रा यांच्याशी सहमत. आपल्या गरजा पाहता म्यूझस्कोर पुरेसे आहे. ते मोफत व मुक्तस्रोत आहे, विंडोजवर चालते, आणि सात-आठ वाद्यांचा संच ही त्याच्यासाठी किरकोळ बाब आहे. वाद्याची निवड करतानाच ट्रंपेट बी फ्लॅटमध्ये (म्हणजे कागदावर सी लिहिला की त्यातून बी फ्लॅट वाजतो) आणि आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटमध्ये आहे हे त्याला ठाऊक असते. पडद्याच्या खालच्या कडेला कॉन्सर्ट पिच नावाचे बटण आहे. ते चालू ठेवले की सर्व वाद्ये पेटीच्या सुरात दिसतात. बंद केले की प्रत्येक वाद्य आपापल्या सुरात दिसते. लिहिताना चालू ठेवावे, छापताना बंद करावे. आपण आज हाताने जे दुहेरी काम करता, त्यातला अर्धा भाग इथेच संपतो.

संपूर्ण गाण्याची पट्टी बदलण्यासाठी टूल्समध्ये ट्रान्सपोज हा पर्याय आहे. तिथे पट्टी सांगून किंवा स्वरांतर सांगून, अशा दोन्ही प्रकारे बदल करता येतो. बदल केल्यावर एखादा स्वर वाद्याच्या आवाक्याबाहेर गेला तर तो रंगीत दिसतो. हौशी वादकाला अवघड जाणारा स्वर पिवळसर आणि वाद्यावर निघूच न शकणारा स्वर लाल, असा तो संकेत आहे. पांढरी एकमधील गाणे काळी चारमध्ये खाली आणले, तर मध्य सप्तकातील ई च्या खालचा प्रत्येक स्वर साध्या फ्लूटच्या आवाक्याबाहेर जातो, हे त्यामुळे तालमीच्या आधीच कळते. अशा जागा सप्तकभर वर उचलाव्या लागतात. तो निर्णय मात्र आपला आपणच घ्यायचा असतो.

एक सावधगिरीची सूचना. याच नावाची दोन संकेतस्थळे आहेत. शेवटी ऑर्ग असलेल्या संकेतस्थळावर सॉफ्टवेअर मोफत मिळते. शेवटी कॉम असलेले संकेतस्थळ लोकांनी चढवलेल्या स्वरलिपींचे आहे आणि तेथून त्या उतरवून घेण्यासाठी वर्गणी असते. सॉफ्टवेअरसाठी कोणी पैसे मागत असेल तर आपण चुकीच्या दारात उभे आहात असे समजावे.

तिसरी क्लॅरिनेट

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु वारा फुंकणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सॉफ्टवेअर पट्टी बदलते, पण ती कोणत्या नावाने लिहावी हे आपण ठरवले नाही तर वादकाचे हाल होतात.

काळी चार म्हणजे जी शार्प (जी पेक्षा अर्धा स्वर वर) किंवा ए फ्लॅट (ए पेक्षा अर्धा स्वर खाली). पेटीवर दोन्ही एकच पट्टी आहे, कागदावर मात्र दोन वेगळ्या दुनिया आहेत. ए फ्लॅट मेजर लिहिल्यास ओळीच्या सुरुवातीच्या खुणेत चार फ्लॅट येतात. त्यावरून ट्रंपेट आणि क्लॅरिनेट यांना बी फ्लॅट मेजर म्हणजे दोन फ्लॅट, आणि आल्टो सॅक्सोफोनला एफ मेजर म्हणजे अवघा एक फ्लॅट. सर्वांना सोपे. जी शार्प मेजर म्हटले तर मुळातच आठ शार्प होतात आणि पुढची वाद्ये दहा-अकरा शार्पांवर जाऊन पोचतात. काळी एक हीदेखील सी शार्प न लिहिता डी फ्लॅट लिहावी. तेथे ट्रंपेटला तीन आणि आल्टोला दोन फ्लॅट येतात.

म्हणून म्यूझस्कोरमध्ये स्वरांतर निवडताना जी वरून अर्धा स्वर वर जायचे असेल तर यादीतील मायनर सेकंड निवडावे, ऑगमेंटेड युनिझन निवडू नये. दोन्हींचा आवाज एकच येतो, पण पहिल्याने ए फ्लॅट मिळतो आणि दुसऱ्याने जी शार्प.

काळी पाचबद्दल वेगळे सांगायला नको. तिथे आम्ही सी मेजरमध्ये वाजवतो आणि गायिकेचे आभार मानतो.

संत्रानगरीचा सूर

तीन क्लॅरिनेट असलेला संच नागपुरात कुठे आहे, ते कळवावे. आम्हाला एक मिळत नाही.

धरमपेठकर

तिसऱ्या क्लॅरिनेटचा नियम मेजर पट्टीपुरता बरोबर आहे, पण आपल्या गाण्यांना तो सरसकट लावता येणार नाही, आणि व्हायोलिनवाल्यांचे म्हणणेही कोणी तरी मांडायला हवे.

आधी व्हायोलिन. ए फ्लॅट मेजरमध्ये व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांपैकी फक्त जी ही एकच उपयोगी पडते. अर्धा स्वर वर, म्हणजे पांढरी सहामध्ये गेल्यास ए, डी आणि ई या तिन्ही तारा मोकळ्या वाजतात व वाद्य खुलते. मात्र त्याच पट्टीत ट्रंपेटला पाच शार्प आणि आल्टोला सहा शार्प येतात. तारवाद्यांचे सुख हे फुंकवाद्यांचे दुःख असते, आणि गायिकेने काळी चार म्हटल्यावर या वादाला तसा काही अर्थ उरत नाही. पण धागाकर्त्या स्वतः व्हायोलिन वाजवत असल्याने त्यांना माझे म्हणणे पटेल.

आता मुख्य मुद्दा. आपली निम्मी गाणी मेजर किंवा मायनर नसतात. भैरवीचे उदाहरण घेऊ. पांढरी एकला षड्ज मानल्यास भैरवीचे रे, ग, ध, नी कोमल, म्हणजे डी, ई, ए आणि बी हे चार फ्लॅट. ही खूण कागदावर ए फ्लॅट मेजरची आहे, जरी षड्ज सी वर असला तरी. अनेक जण तिथे सवयीने सी मायनरचे तीन फ्लॅट लिहितात आणि मग प्रत्येक कोमल ऋषभापुढे वेगळा फ्लॅट ठेवत बसतात.

हेच गाणे काळी चारमध्ये न्या. वरील नियमाप्रमाणे षड्ज ए फ्लॅटवर धरला तर आठ फ्लॅट होतात, ऋषभाला दुहेरी फ्लॅट लागतो आणि कोणालाच वाचता येत नाही. इथे षड्ज जी शार्पवरच धरला पाहिजे. मग ई मेजरची खूण, म्हणजे चारच शार्प लागतात आणि व्हायोलिनला ते हाताखालचे आहेत. ट्रंपेटला सहा शार्प किंवा सहा फ्लॅट येतात. आल्टोला सात शार्पांऐवजी पाच फ्लॅट देता येतात. म्यूझस्कोरमध्ये त्या त्या वाद्याच्या गुणधर्मांत शार्प पसंत की फ्लॅट पसंत हे ठरवण्याची सोय आहे, ती अशा वेळी वापरावी.

थोडक्यात पट्टीचे नाव ठरवताना राग पाहावा. यमनाच्या अंगाचे गाणे असेल तर षड्ज सी वर असूनही एक शार्प, काफीच्या अंगाचे असेल तर दोन फ्लॅट. भैरवच्या अंगाचे असेल तर कोणतीच तयार खूण बसत नाही, कारण फक्त ऋषभ आणि धैवत कोमल असतात. तिथे मी खूण न लिहिता जागोजागी चिन्हे देतो. वादकांची कुरकुर होते, पण चुका होत नाहीत.

तिसरी क्लॅरिनेट

धरमपेठकर सर, भैरवीचे आपले म्हणणे मान्य आहे. सहा शार्प की सहा फ्लॅट असा प्रश्न आल्यास कृपया फ्लॅट द्यावेत. ही विनंती मी नागपुरातील समस्त बी फ्लॅट वादकांच्या वतीने करत आहे. त्यांनी मला तसा अधिकार दिलेला नाही.

दुसरे व्हायोलिन

सर्वांचे आभार. धरमपेठकर सरांचे व्हायोलिनविषयीचे म्हणणे अर्थातच पटले. आमच्या कार्यक्रमांत भैरवीतले गाणे शेवटी असतेच, त्यामुळे हा भाग थेट उपयोगाचा आहे. शब्दांबद्दल आणि छपाईबद्दल कोणी लिहील का? आणि ज्यांनी सिबेलियस किंवा डोरिको वापरले आहे त्यांचेही मत हवे आहे.

लिलीपंथी

कोणी नाव काढत नाही म्हणून मीच काढतो. लिलिपाँड पाहावे. हा प्रकल्प १९९६ मध्ये हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी सुरू केला, तो आजही चालू आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. त्यात माउसने स्वर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलीत स्वरांची अक्षरे लिहायची आणि त्यावरून तो पान तयार करतो. अक्षरापुढे इस लावले की शार्प आणि एस लावले की फ्लॅट. पट्टी बदलणे म्हणजे गाण्याच्या आधी एका ओळीत जुना षड्ज आणि नवा षड्ज लिहिणे. ए फ्लॅट की जी शार्प हा वरचा सर्व वाद तिथे निर्माणच होत नाही, कारण नवा षड्ज नावानिशी आपणच लिहिलेला असतो.

छापलेल्या पानाचे सौंदर्य पाहिले तर मोफत सॉफ्टवेअरांत याच्या तोडीचे दुसरे नाही असे माझे मत आहे. फाइल मजकुराची असल्यामुळे वीस वर्षांनीही कोणत्याही संगणकावर उघडेल आणि डोळ्यांनी वाचता येईल. सोबत फ्रेस्कोबाल्डी हा संपादक घेतल्यास एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला पान दिसते.

खर्जातला

लिलीपंथी यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, परंतु तालमीच्या वेळी गायक दोन सुरावटी बदला म्हणतो, तेव्हा सहा जणांसमोर मजकूर लिहून, चूक शोधून, पुन्हा पान तयार करणे हे धागाकर्त्यांना जमेल का, याचा विचार व्हावा. ज्याला एकट्याने शांतपणे ग्रंथ सिद्ध करायचा आहे त्याच्यासाठी लिलिपाँड उत्तम. इथे गरज धावपळीची आहे.

लिलीपंथी

हा आक्षेप काही अंशी मान्य. काही अंशीच.

अर्धामात्रा

सिबेलियस आणि डोरिको यांच्याविषयी. सिबेलियस हे बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी इंग्लंडमध्ये तयार केले. ते १९९३ मध्ये बाजारात आले आणि २००६ मध्ये अ‍ॅव्हिड या कंपनीने विकत घेतले. २०१२ मध्ये अ‍ॅव्हिडने लंडनचे कार्यालय बंद केले, तेव्हा ते सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांपैकी बरेच जण स्टाइनबर्ग या कंपनीकडे गेले आणि त्यांनी नव्याने जे लिहिले ते डोरिको, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की जुन्या पुस्तकांत व प्रशिक्षणवर्गांत अजूनही फक्त फिनाले की सिबेलियस एवढीच तुलना आढळते. ती आता जुनी झाली आहे.

मी डोरिको वापरतो. त्याची एक गोष्ट आपल्या संचाला लागू पडते. त्यात वाद्य आणि वादक हे वेगळे मानले जातात. आपला सॅक्सोफोनवादकच मधल्या गाण्यात क्लॅरिनेट उचलत असेल तर त्याच्या एकाच कागदावर दोन्ही वाद्यांचे स्वर योग्य सुरात आपोआप येतात आणि वाद्य बदलण्याची सूचनाही छापली जाते. म्यूझस्कोरमध्ये हे करता येते, पण वाद्यबदलाची खूण आपण स्वतः टाकावी लागते.

सिबेलियस आणि डोरिको या दोन्हींच्या मोफत आवृत्त्या आहेत, परंतु त्यांत वाद्यसंख्येवर मर्यादा असते. ती आपल्या संचाला पुरते की नाही हे आधी तपासावे. पूर्ण डोरिकोची किंमत हौशी संचाला जड वाटेल. सिबेलियस मुख्यतः वार्षिक वर्गणीवर मिळते, म्हणजे आपल्या अटीत ते बसत नाही. मी स्वतः डोरिकोचा चाहता असूनही आपल्याला म्यूझस्कोरच सुचवेन.

अनुस्वार

शब्दांबद्दल मी लिहिते. नागपुरातील सदर भागातल्या एका गायकवृंदासाठी मराठी गीते चार आवाजांत छापण्याचे काम मी करते, त्यामुळे देवनागरीशी रोजचा संबंध येतो.

पहिली अट अशी की शब्द युनिकोडमध्येच लिहावेत. नागपुरातील अनेक छापखान्यांत आणि टंकलेखकांकडे अजूनही कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाइली असतात. त्यांतील मजकूर चिकटवला की स्वरांखाली इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. फॉण्ट निर्मला, मंगल किंवा नोटो देवनागरी यांपैकी कोणताही चालतो. मी नोटो वापरते, कारण त्याची जाडी मंचावर वाचायला बरी पडते.

म्यूझस्कोरमध्ये पहिल्या स्वरावर कंट्रोल आणि एल दाबून शब्द लिहायला सुरुवात करावी. स्पेस दिली की पुढच्या स्वरावर जाता येते, एकाच शब्दाची अक्षरे तोडायची असल्यास हायफन द्यावा, आणि एक अक्षर अनेक स्वरांवर लांबवायचे असल्यास अंडरस्कोअर. एकाच स्वराखाली दोन शब्द हवे असतील तर कंट्रोलसह स्पेस द्यावी.

अक्षरे कुठे तोडायची हे गळ्याने ठरवावे, शुद्धलेखनाने नव्हे. कृष्ण हा शब्द कृ आणि ष्ण असा तोडला तर कागदावर व्यवस्थित दिसतो. कृष्‌ आणि ण असा पाय मोडून लिहिला तर गायक अडखळतात. जोडाक्षर नेहमी पुढच्या तुकड्यात अखंड ठेवावे.

आणखी एक बाब म्हणजे देवनागरीत वेलांटी आणि मात्रा डोक्यावर जातात, उकार खाली येतात. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले अंतर त्यामुळे कमी पडते, आणि पहिल्या कडव्याचा उकार दुसऱ्या कडव्याच्या वेलांटीत अडकतो. स्टाइलमध्ये जाऊन शब्दांच्या ओळींतील अंतर वाढवावे. तिथल्या आकड्याला घाबरू नये, छापून पाहावे आणि मग ठरवावे.

पेटीमास्तर

अनुस्वार ताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. आता गंभीरपणे एक शंका विचारतो. आम्ही सा रे ग म लिहिणारे लोक. आमच्या वहीत भातखंडे पद्धतीने बंदिश लिहिली की षड्ज कुठेही धरा, वही बदलत नाही. मग वादकांनाच सरगम वाचायला का शिकवू नये? एवढा खटाटोप वाचेल.

धरमपेठकर

मास्तर, आपले म्हणणे तत्त्वतः योग्य आहे आणि एकल गायनासाठी ते मी रोज शिकवतो. परंतु ट्रंपेटवादकाला कागदावरील विशिष्ट रेषा पाहून विशिष्ट कळ दाबण्याची सवय असते. त्याच्यासाठी सा आज एका कळीवर आणि उद्या दुसऱ्या कळीवर असणे म्हणजे बोटांनी प्रत्येक कार्यक्रमात नवे वाद्य शिकणे होय. शिवाय चार-पाच वाद्ये एकाच वेळी वेगवेगळे वाजवतात तेव्हा त्यांची उभी जुळणी स्टाफवर डोळ्यांना दिसते, सरगमच्या ओळींत ती शोधावी लागते.

आपल्या लग्नाच्या बँडमध्ये मात्र मास्तरांची पद्धत चालते, याचे कारण मजेशीर आहे. कॉर्नेट, युफोनियम आणि क्लॅरिनेट ही सर्व बी फ्लॅटची वाद्ये. सर्वांचा सी एकच वाजतो, म्हणून वहीत काहीही लिहिले तरी भांडण होत नाही. आल्टो सॅक्सोफोन आला की प्रश्न सुरू होतात.

अनुस्वार

मास्तरांसाठी जाता जाता. सरगम संगणकावर लिहायची असल्यास कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ युनिकोडमध्ये उपलब्ध आहे. वैदिक मंत्रांच्या स्वरचिन्हांतील ०९५२ ही खूण खाली आडवी रेघ देते आणि ०९५१ ही वर उभी रेघ देते. त्यामुळे रे॒ ग॒ म॑ ध॒ नि॒ असे सरळ लिहिता येते. मंद्र आणि तार सप्तकाचे बिंदू मात्र फॉण्टवर अवलंबून आहेत. काही फॉण्टमध्ये तिथे तुटक रेषांचे वर्तुळ उमटते.

पेटीमास्तर

याला म्हणतात उत्तर. वहीचे पहिले पान आज संगणकावर चढेल.

महालातला छापखाना

छपाईबद्दल लिहितो, कारण गाण्यांचे कागद घेऊन येणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात.

छापायला नेहमी पीडीएफ आणावी. म्यूझस्कोरमध्ये निर्यात करताना सर्व वाद्यांचे कागद एकदम निवडता येतात व प्रत्येकाची वेगळी फाइल निघते. पान सुरुवातीपासून ए४ ठेवावे, कारण अमेरिकेतून आलेल्या फाइली बहुधा लेटर आकाराच्या असतात आणि त्या ए४ वर छापताना कडा बिघडतात. छापणाऱ्याला स्पष्ट सांगावे की फिट टू पेज नको, मूळ आकारात शंभर टक्के हवे. हे सांगितले नाही तर पाचही रेषा आक्रसून छापल्या जातात आणि तक्रार चष्म्याच्या नंबरकडे जाते.

पाच रेषांच्या संचाची उंची म्यूझस्कोरमध्ये मुळात ७ मिलिमीटर असते. मंचावरच्या वादकांसाठी तीच ठेवावी. पाने वाचवण्यासाठी ती कमी करू नये. गायकवृंदाच्या हातात धरायच्या प्रतींसाठी थोडी कमी चालते, कारण कागद डोळ्यांजवळ असतो.

कागद नेहमीच्या ७५ जीएसएमऐवजी (जीएसएम हे कागदाच्या वजनाचे माप) १०० जीएसएमचा घ्यावा. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर सभागृह असो वा तालमीची खोली, कूलर चालू असतो आणि पातळ कागद स्टँडवर टिकत नाही. लेझरवर छापावे. इंकजेटची शाई घामाच्या बोटांनी पसरते. चमकदार कागद अजिबात घेऊ नये, दिवा पडला की अर्धे पान दिसेनासे होते.

चार पानांचे गाणे असल्यास ए३ कागदावर दोन्ही बाजूंनी छापून मधोमध घडी घालावी. सुटी पाने टेपने जोडण्यापेक्षा ते स्वस्त आणि टिकाऊ पडते.

तिसरी क्लॅरिनेट

छापखाना भाऊंच्या प्रतिसादाला जोड म्हणून पान उलटण्याविषयी. पानाच्या शेवटी वादकाचे दोन्ही हात मोकळे असायला हवेत, म्हणजे तिथे विश्रांतीच्या मात्रा याव्यात. म्यूझस्कोरमध्ये एखादे माप (तालाचा एक खंड, म्हणजे बार) निवडून एंटर दाबले की ओळ तिथे तुटते आणि कंट्रोलसह एंटर दाबले की पान तुटते. त्याचा उपयोग करावा, अर्धे पान रिकामे राहिले तरी बिघडत नाही. वादकाच्या कागदावर सलग रिकामी मापे एकत्र करून त्यांवर आकडा छापण्याची सोयही आहे. एम ही कळ दाबली की ती चालू होते. बारा रिकामी मापे एकामागून एक मोजत बसणे फार कंटाळवाणे असते.

संत्रानगरीचा सूर

आमच्याकडे जुन्या छापील स्वरलिपींच्या झेरॉक्स आहेत. त्या स्कॅन करून थेट सॉफ्टवेअरमध्ये घेता येतात का, की सगळे पुन्हा लिहावे लागते?

अर्धामात्रा

ऑडिव्हेरिस हे मोफत सॉफ्टवेअर छापील पानावरून स्वर ओळखते आणि म्यूझिकएक्सएमएल फाइल देते. स्कॅन ३०० डीपीआयचा, सरळ आणि स्वच्छ असावा. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो असल्यास निकाल वाईट येतो. हाताने लिहिलेल्या वह्यांवर वेळ घालवू नये. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर ठिपके आणि पुसट रेषा यांमुळे दुरुस्तीचे काम इतके वाढते की नव्याने लिहिणे लवकर होते. देवनागरी शब्द ओळखले जातील अशी अपेक्षा ठेवू नये, ते हातानेच भरावे लागतील.

आणि प्रती वाटण्यापूर्वी हक्कांचा विचार करावा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना साधारणतः कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे संरक्षित असते, आणि चालीची स्वरलिपी आपण लिहिली म्हणून चाल आपली होत नाही.

दुसरे व्हायोलिन

सर्व प्रतिसाद वाचून म्यूझस्कोर नक्की केले आहे. लिलीपंथी यांची क्षमा मागते, तालमीतील धावपळ हेच कारण आहे. प्रत्येक गाण्याची मूळ फाइल पांढरी एकमध्ये ठेवून तिची म्यूझिकएक्सएमएल प्रतही जपायची, आणि गायकाप्रमाणे वेगळ्या पट्टीच्या फाइली काढून फाइलीच्या नावात व पानाच्या डोक्यावर पट्टी लिहायची असे ठरवले आहे. पट्टीचे नाव पेटीच्या भाषेत आणि स्टाफच्या भाषेत असे दोन्ही लिहीन, म्हणजे काळी चार, ए फ्लॅट. भैरवीसाठी जी शार्प.

दोन शंका उरल्या आहेत. जुन्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती जड जाईल का? आणि गिटारवादक फक्त कॉर्ड पाहून वाजवतात, तर पट्टी बदलल्यावर कॉर्डची नावेही बदलतात का?

खर्जातला

म्यूझस्कोरची डिसेंबर २०२२ मध्ये आलेली चौथी आवृत्ती तिसरीपेक्षा जड आहे, आणि तिच्यासोबत मिळणारे वाद्यांचे उत्तम आवाज घेतले तर आणखी मेमरी लागते. ते आवाज घेणे सक्तीचे नाही. छपाईसाठी त्यांची गरज नसते. जुन्या लॅपटॉपवर तिसऱ्या मालिकेतील शेवटची ३.६.२ बसवता येईल, पण चौथीत जतन केलेली फाइल तिसरीत उघडत नाही. त्यामुळे दोन्ही यंत्रांवर दोन आवृत्त्या ठेवून काम विभागू नये. लेखन नव्या लॅपटॉपवरच करावे आणि जुन्यावर फक्त पीडीएफ उघडून छापाव्यात.

कॉर्डची नावे बदलतात. ट्रान्सपोजच्या चौकटीत कॉर्ड चिन्हांचा पर्याय आहे, त्यावर खूण असल्याची खात्री करावी. मात्र कॉर्ड स्वरांवर साधा मजकूर म्हणून लिहिली असेल तर ती जशीच्या तशी राहते, म्हणून सुरुवातीपासून कंट्रोल आणि के दाबून कॉर्डच्या जागीच लिहावी. काळी चारमध्ये गिटारवादकाला ए फ्लॅटच्या कॉर्ड नकोशा होतील. त्यांच्यासाठी पहिल्या फ्रेटवर केपो (तारा दाबून धरणारी चिमटी) लावून जी च्या कॉर्ड असलेली वेगळी प्रत काढून द्यावी.